कवडीची पाठवणी

आटपाट नगराच्या गोष्टी सगळ्यांनी ऐकलेल्या असतात. राजाचा महाल, सोन्याचे कळस, हत्तीवरून वाटलेली साखर. पण त्याच नगराच्या वेशीबाहेर काय होतं, ते कुणी सांगत नाही. तिथे एक वाकडी वाट होती. वाटेच्या कडेला एक पिटुकली झोपडी होती, आणि झोपडीच्या छपराला इतकी भोकं होती की दुपारी जमिनीवर सोनेरी कवडसे नाचायचे. पावसाळ्यात कवडसे नाचत नाहीत, पाणी गळतं. तेव्हा कोरडा कोपरा शोधत बसावं लागायचं.

त्या झोपडीत हौसा राहायची आणि तिची आई, साळूबाई. साळूबाई शिंदीच्या पानांच्या केरसुण्या बांधायची, हौसा तिला पानं चिरून द्यायची. तिची इवलीशी बोटं कायम ओरखडलेली असत. साळूबाईच्या केरसुण्यांनी नगरातले महाल लखलखायचे आणि तिच्या घरी चूल दिवसातून एकदाच पेटायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

त्या वाटेच्या नशिबी आणखी एक गोष्ट होती. नगरात कुणाला आपलं कुत्रं नकोसं झालं की तो ते गाडीत घालून वेशीबाहेर आणायचा, वाटेवर सोडायचा आणि गाडी भरधाव परत पळवायचा. म्हातारं झालं, सोडलं. फार भुंकतं, सोडलं. नव्या गालिच्यावर शू केली, सोडलं. बिचारं कुत्रं गाडीमागे धावून धावून थकायचं आणि मग मालक परत येईल म्हणून वाटेवरच बसून राहायचं. परत कुणीच येत नसे.

हौसाला ते बघवायचं नाही. एकदा एक पांढऱ्या मिशांचं म्हातारं कुत्रं असं येऊन बसलं. हौसाने आपल्या वाटणीची भाकरी त्याला दिली आणि आपण पाणी पिऊन झोपली. दुसऱ्या दिवशीही तिने तेच केलं.

"हौसे, आपल्यालाच खायचे वांधे, आन तू दानधर्म करतीस व्हय?" साळूबाई करवादली. मग आपल्या भाकरीचा चतकोर मोडून तिने लेकीच्या हातावर ठेवला. साळूबाईचा राग असाच असायचा.

झोपडीमागे एक जुनी बाग होती. तिचा माळी कधीच निघून गेला होता, पण हे फुलांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे ती आपली फुलत होती. जांभळी गोकर्ण, केशरी अबोली, लालचुटुक जास्वंद, आणि मधोमध बुचाचं उंच झाड. संध्याकाळी त्याची पांढरीशुभ्र, लांब देठाची फुलं गिरक्या घेत खाली यायची. एकदा हौसा ती वेचत होती, तेवढ्यात तिच्या लक्षात आलं, एक फूल खाली येतच नव्हतं. ते हवेतच थांबलं होतं, आणि बघता बघता त्या फुलाला दोन चिमुकले हात फुटले.

ती परी होती. बोटाएवढी, बुचाच्या पाकळ्यांचा झगा घातलेली. तिच्या पंखांवर निळी-हिरवी चमक खेळत होती आणि केसांत दवाचे थेंब लुकलुकत होते.

"घाबरलीस का गं?" परीने विचारलं.

"नाही. पण तुम्ही पडाल की काय असं वाटलं," हौसा म्हणाली.

परी हसली तशी झाडावरची सगळी फुलं थरथरली. "वेशीबाहेरच्या जिवांची मी राखण करते. पण मला भाकरी थापता येत नाही, आणि घाबरलेल्या कुत्र्याजवळ मी गेले तर ते मला माशी समजून हाणतं. तू मला मदत करशील?"

तिने हौसाच्या ओंजळीत एक मातीचा परळ ठेवला, कुत्र्याला खायला देतात तसला साधाच. फक्त त्याच्या काठावर चांदण्याची बारीक रेघ होती.

"आता नियम ऐक. परीचं देणं नियमाशिवाय नसतं," परी म्हणाली. "हा परळ रोज दूधभाकरीने भरेल, पण फक्त पाहुण्यासाठी. एका वेळी एकच पाहुणा. त्याला तू बरं करायचंस, धीट करायचंस, आणि त्याचं कायमचं माणूस आलं की त्याला पाठवायचंस. पाहुण्याला तू ठेवून घेतलंस, तर परळ भरणार नाही."

"बरं," हौसा म्हणाली.

"आणि तुझ्यासाठी एक इच्छा. एकच. हवी तेव्हा माग. पण एकदा दिलेली इच्छा मला परत घेता येत नाही. मोडायची झाली तर मागणाऱ्याने आपल्याच हातांनी मोडायची."

साळूबाईने हे ऐकलं आणि तिला लगेच छप्पर आठवलं. पण गरिबाघरच्या पोरीला एखादी छानशी वस्तू मिळाली की ती वापरायला तिचा हात धजत नाही. हौसाने इच्छा मनाशी जपून ठेवली.

मग पाहुणे येऊ लागले. पांढऱ्या मिशांचा म्हातारबा ऊन खाऊन, दूधभाकरी खाऊन गुबगुबीत झाला आणि एका वैद्यबुवांकडे गेला. दुपारी दोघं एकाच ओसरीवर घोरायचे. स्वतःच्याच शेपटीवर भुंकणारं एक येडं पिल्लू कुंभाराच्या पोरांना आवडलं. तांबूस रंगाची एक कुत्री होती, ती दिसेल त्याच्या वहाणा पळवायची. तिला कोण नेणार, असं सगळे म्हणत होते. शेवटी जन्मभर अनवाणी चालत आलेला एक गुराखी तिला घेऊन गेला. त्याच्याकडे पळवण्यासारखं काही नव्हतंच.

प्रत्येकाची साळूबाई रीतसर पाठवणी करायची. "कुत्रं झालं म्हणून काय झालं? आपल्या दारातून जातंय," असं म्हणून ती त्याच्या कपाळाला हळदीचं बोट लावायची. ज्या गोधडीवर ते झोपलं तिचा एक तुकडा नव्या माणसाच्या हातात द्यायची, म्हणजे नव्या घरात त्याला ओळखीचा वास येईल. आणि एक रीत ती कधी मोडू द्यायची नाही. नेणाऱ्या माणसाने आधी काही दिवस झोपडीत येऊन बसायचं आणि कुत्र्याला आपल्या हाताने भरवायचं. "ज्याच्या हातचं खातं, त्याच्यामागं जातं," असं ती म्हणायची. पाहुणा गेला की हौसा थोडी रडायची, परळ धुऊन ठेवायची आणि वाटेकडे बघत बसायची.

आणि मग कवडी आली.

ती काळी होती, पाठीवर कवडीएवढा एकच पांढरा ठिपका. मानेवर दोरीने केस झिजून गेलेले. दारातून आत आली ती थेट बाजेखाली शिरली, आणि तिथून फक्त तिचे डोळे दिसायचे. कुणी बघत असेल तर ती घास तोंडात घ्यायची नाही. हौसाने तिला ओढून बाहेर काढलं नाही. ती बाजेकडे पाठ करून बसायची, पानं चिरत काहीतरी गुणगुणायची आणि घास घेतलेला एक हात मागे धरून ठेवायची. हाताला रग लागायची, मुंग्या यायच्या, तरी ती वळून बघायची नाही. किती दिवस गेले कुणास ठाऊक. एका सकाळी तिच्या तळव्याला काहीतरी ओलं, थंडगार लागलं आणि घास नाहीसा झाला.

त्या दिवसापासून कवडी तिची सावली झाली. हौसा विहिरीवर, कवडी विहिरीवर. हौसा बागेत, कवडी फुलपाखरांमागे. रात्री ती हौसाच्या पोटाशी मुटकुळं करून झोपायची. हौसाने पुष्कळ पाहुण्यांवर माया केली होती, पण ही माया वेगळी होती. ती तिला दुखायची.

नेमकी तेव्हाच विठाक्का आली. विठाक्का ओढ्यापलीकडे एकटी राहायची आणि घोंगड्या विणायची. आवाज मोठा, बोलणं फटकळ, पण हात मऊ. ती बाजेशेजारी बसली तशी कवडी हळूच पुढे आली आणि तिचं लोकरीच्या वासाचं लुगडं हुंगायला लागली. मग चक्क तिच्या मांडीवर हनुवटी टेकून बसली.

"हिचं आन माझं जमलं बघ," विठाक्का हरखून म्हणाली. "मागाशी बसून बसून मी भिताडाशी बोलाय लागलीया. आता हिच्याशी बोलंन. उद्यापासनं येती भरवायला."

हौसा उठली आणि धावत बागेत गेली.

"परी, मला माझी इच्छा हवी," ती धापा टाकत म्हणाली. "कवडीने फक्त माझ्या हातचं खावं. दुसऱ्या कुणाच्याच हातचं नाही."

परी पानावर बसली होती, ती उठून उभी राहिली. "नीट विचार केलास, बाळ?"

"केला," हौसा म्हणाली. केला नव्हता, हे तुम्हाला माहीत आहे आणि परीलाही माहीत होतं. पण मागितलेली इच्छा नाकारायची परीला मुभा नसते. तिने हात हलवला. एक निळसर ठिणगी झोपडीकडे उडत गेली आणि परीच्या पंखांवरची चमक थोडी फिकी पडली.

दुसऱ्या दिवशी विठाक्काने लोणी लावलेली भाकरी आणली. कवडीने तोंड फिरवलं. विठाक्का दुपारपर्यंत बसली, गोंजारून झालं, लाडीगोडी लावून झाली. शेवटी पदर झटकून ती उठली. "तिच्या मनात न्हाई, तर वढून न्हेण्यात काय अर्थ हाय," ती म्हणाली आणि निघून गेली. जाताना तिचा मोठा आवाज अगदी लहान झाला होता. हौसाने कवडीच्या गळ्यात हात टाकले. आता ही माझी, तिला वाटलं.

परळ त्या दिवसापासून कोरडा राहिला, कारण घरात पाहुणा उरला नव्हता. साळूबाईने रिकाम्या परळाकडे पाहिलं, मग हौसाकडे पाहिलं. हौसा आपल्यातली अर्धी भाकरी कवडीला भरवू लागली. त्यात गळणारं छप्पर आणि श्रावणातली ओल. हौसाला सणसणून ताप भरला. तिला कशाची शुद्ध राहिली नाही.

शुद्धीवर आली तेव्हा तिने पहिल्यांदा कवडीला शोधलं. ती पायाशीच होती, पण ओळखू येत नव्हती. फासळ्या मोजून घ्याव्या इतक्या वर आल्या होत्या.

"आई, हिला खायला नाही दिलंस?"

साळूबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "देवाशपथ रोज देती गं. माझ्या तोंडचं काढून देती. बघ."

तिने घास कवडीपुढे धरला. कवडी पुढे आली. तिच्या तोंडातून लाळ गळत होती, डोळे घासावर खिळले होते. पण तिचा जबडा उघडेना. तिने मान खाली घातली आणि ती बारीक आवाजात कण्हली. तिला खायचं होतं. तिला खाता येत नव्हतं.

हौसाने घास घेतला आणि कवडीने तो अधाशासारखा गिळला. तिची मान कुरवाळताना हौसाची बोटं दोरीच्या जुन्या वणावर अडली, आणि तिला रडू कोसळलं. कुणीतरी हिला दोरीने बांधलं होतं. मी हिला घासाने बांधलं, ती मनात म्हणाली. माझा ताप उतरला नसता तर ही मेली असती, आणि मी म्हणत होते की माझी हिच्यावर माया आहे.

आईचा हात धरून ती बागेत गेली. "परी, इच्छा परत घ्या."

"मला घेता येत नाही गं राणी," परी म्हणाली. तिचा आवाज फार मऊ होता. "तुला नियम सांगितला होता."

"आपल्याच हातांनी," हौसा पुटपुटली.

ती ओढ्यापलीकडे गेली आणि विठाक्काला तिने सगळं सांगितलं, काही न लपवता. विठाक्काचा माग थांबला.

"म्हंजी मी तिला नको हुते असं न्हाई," ती म्हणाली.

"नाही आक्का. तुम्ही तिला हव्या होतात. मला नको होतात."

"लई वंगाळ केलंस पोरी," विठाक्का म्हणाली आणि उठून तिने घोंगडी खांद्यावर टाकली. "चल."

दोघी बाजेशेजारी बसल्या. हौसाने तळव्यावर घास घेतला आणि विठाक्काला आपला हात त्याखाली धरायला सांगितला. कवडीने खाल्लं. असे काही दिवस गेले. मग हात उलटे झाले. विठाक्काचा तळवा वर, त्यावर घास, आणि हौसाची बोटं काठाला. कवडी घुटमळली, तिने दोघींकडे पाहिलं आणि खाल्लं. रोज हौसा एकेक बोट कमी करत गेली. शेवटी तिची फक्त करंगळी विठाक्काच्या हाताला टेकलेली असायची, तेवढीच.

पण करंगळी काढली की कवडीचा जबडा मिटायचा. पुन्हा टेकवली की उघडायचा. पुन्हा काढली की मिटायचा. विठाक्काच्या कपाळावर घाम आला.

"आता काय ऱ्हायलं गं?" ती म्हणाली.

काय राहिलं होतं ते हौसाला ठाऊक होतं. प्रत्येक वेळी करंगळी काढताना तिच्या मनाच्या एका कोपऱ्यातून कुणीतरी म्हणत होतं, खाऊ नकोस, कवडी. हात सुटला होता, पण मनातून कवडी सुटत नव्हती. हौसा उठली. ती कवडीजवळ वाकली आणि तिच्या कानात म्हणाली, "खा, बाळा. आक्काच्या हातचं खा. मला चालेल."

आणि कवडी खाते की नाही हे न बघता ती झोपडीबाहेर गेली. उन्हात, भिंतीला पाठ लावून, डोळे घट्ट मिटून ती बसली. आत सगळं शांत होतं. मग तिला ऐकू आलं: लप लप, लप लप. आणि त्यापाठोपाठ विठाक्काचं मोठ्या आवाजातलं रडणं.

पाठवणीच्या दिवशी साळूबाईने कवडीच्या कपाळाला हळद लावली. हौसाने आपल्या पांघरुणाच्या गोधडीचा मोठा तुकडा फाडून दिला. कवडीने तिचे गाल चाटले, हात चाटले. मग विठाक्का वाटेला लागली तशी ती शेपटी उंच करून तिच्या मागे निघाली. ओढ्याच्या वळणापर्यंत ती दिसत होती. तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

"आई, तिने बघितलं पण नाही," हौसा हुंदके देत म्हणाली.

साळूबाईने तिला कुशीत घेतलं. "ज्याला पुढं जायचं भ्या वाटतं तेच मागं बघतं, हौसे. तिला भ्या न्हाई राहिलं. तूच घालवलंस ते."

संध्याकाळी बुचाची फुलं गळू लागली तेव्हा परी आली. ती आता इतकी पांढुरकी दिसत होती की फुलांमधून ओळखायला वेळ लागला.

"माझी इच्छा संपली ना?" हौसाने विचारलं.

"तुझी संपली. माझी आहे अजून," परी म्हणाली. "परीलाही एकच मिळते. मी जपून ठेवली होती, तुझ्यासारखीच. ती मागितली की परी उरत नाही, तिचा उजेड होतो."

"मग नका ना मागू."

परी तिच्या तळव्यावर येऊन बसली. तिचं वजन फुलाइतकंही नव्हतं. "कवडीला जाऊ दिलंस. मला नाही देणार?"

हौसाने ओठ आवळले. मग तिने हात उंच केला आणि तळवा उघडा ठेवला.

"या घराला माहेरपण लाभो," परी म्हणाली, "आणि माहेराला कधी काही कमी न पडो." तिचे पंख आधी निळे झाले, मग गुलाबी, मग सोनेरी. तळव्यावर एवढा लख्ख उजेड झाला की बागेतल्या पानापानावर झळाळी आली. तो उजेड वाटेवर सांडला, ओढ्यावरून गेला, दूरदूरच्या घरांच्या दारांपर्यंत गेला. हौसाने पाहिलं तेव्हा हातावर काही नव्हतं, फक्त ऊब होती.

दिवाळीत काय झालं म्हणता? वैद्यबुवांच्या म्हातारबाने त्यांचं धोतर दातात धरलं आणि त्यांना वाटेला लावलं. कुंभाराची पोरं पिल्लामागे धावत आली, आणि पोरांमागे कुंभार. गुराखी आला, तोही अनवाणीच. लेकी माहेरी याव्यात तशी सगळी कुत्री आपापल्या माणसांना घेऊन झोपडीच्या दारात आली, आणि माहेरी रिकाम्या हाताने कोण येतं? कुणी धान्य आणलं, कुणी दूध. वैद्यबुवांनी वर पाहिलं, छपराची भोकं बघून कपाळाला आठ्या घातल्या, आणि संध्याकाळच्या आत गुराख्याने आणि कुंभाराने मिळून नवं छप्पर शाकारलं. शेजारी पाहुण्यांसाठी एक लांबशी पडवी निघाली. परळ त्यानंतर जादूने कधी भरला नाही, पण तो रिकामाही राहिला नाही. कुणाची ना कुणाची पाळी असायचीच, आणि आता एकाच पाहुण्याचा नियमही उरला नव्हता.

विठाक्का सर्वांत शेवटी आली. कवडी हौसाच्या अंगावर अशी झेपावली की दोघी अंगणात गडबडा लोळल्या. दिवसभर ती तिच्या मागेमागे होती. ऊन कलल्यावर विठाक्काने घोंगडी खांद्यावर टाकली. कवडीने हौसाकडे पाहिलं, जांभई दिली, अंग झटकलं आणि आक्काच्या पायाशी जाऊन उभी राहिली. घरी जायची वेळ झाली होती. हौसाने तिच्या कपाळाला हळदीचं बोट लावलं, आणि या खेपेला तिला रडू आलं नाही.

ऐकणाऱ्याला ही गोष्ट लाभो, सांगणाऱ्याला झोप लाभो, आणि वाटेवर बसलेल्या प्रत्येकाला त्याचं माणूस भेटो.